मदत हवी आहे: अगत्तीवर व्हर्टिकल अँटेना पाण्याकाठी लावू की मुक्कामाजवळ?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे हॅम (हौशी रेडिओचालक) जानेवारीत लक्षद्वीपला, अगत्तीला जातोय. माझा परवाना रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे ५० वॅटच. त्यामुळे सगळी भिस्त अँटेनावर आहे.

तयारी म्हणून गुहागरला दोन संध्याकाळी चाचणी घेतली. २० मीटर बँडसाठी (म्हणजे २० मीटर तरंगलांबीसाठी) फायबरच्या काठीला ५ मीटर वायर आणि खाली जमिनीवर ५-५ मीटरचे चार रेडियल, म्हणजे बुंध्यापासून पसरलेल्या तारा. पहिल्या दिवशी वर सड्यावर, मामांच्या आवारात. जांभा दगड, कोरडा ठणठणीत. एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळतो त्याचं माप, १ म्हणजे अचूक) १.१! आम्ही खूश. पण युरोपची स्टेशनं जेमतेम ऐकू येत होती आणि आमच्या हाकेला कोणी ओ देईना.

दुसऱ्या दिवशी तोच अँटेना पुळणीवर, भरतीच्या पाण्याला टेकून. एसडब्ल्यूआर १.४ झाला, म्हणून मी अर्धा तास वायर कमी-जास्त करत बसलो. शेवटी तसंच बोललो, तर तासाभरात इटली, जर्मनी, पोलंड मिळाले.

हे कसं? आकड्यावर विश्वास ठेवू की कानावर? अगत्तीला मुक्कामापासून लगूनचा काठ ४० मीटरवर आहे. तिथवर केबल ओढण्यात अर्थ आहे का? आणि दोन्ही संध्याकाळी अंधार पडल्यावर काही आवाज पाण्याखालून आल्यासारखे थरथरत होते. दोष सेटचा का?

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४ (अंदमान-निकोबारची रेडिओ-खूण) चालवत असताना त्सुनामी आली आणि तिथून निरोप बाहेर गेले ते हॅम रेडिओवरून. ते वाचूनच मी परीक्षा दिली. बेटावरून बोलायला मिळतंय, ते नीट व्हावं एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद:
कानावर ठेवा. चांगल्या जमिनीवरच्या पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रोध साधारण ३६ ओहम असतो. ५० ओहमच्या केबलला तो १.४ दाखवणारच, म्हणजे पुळणीवरचा आकडा निरोगी होता. सड्यावर जमिनीच्या नुकसानीचे चौदाएक ओहम त्यात मिसळले आणि बेरीज ५० झाली. तुमची पाव शक्ती जांभा तापवण्यात गेली.

पण खरा फरक दूरवरच्या जमिनीचा. खारं पाणी कोरड्या खडकापेक्षा हजारो पटींनी चांगलं वाहक. क्षितिजालगत ५-१० अंशांत जाणारी लहर, जी युरोपला लागते, ती पाण्यावरून शाबूत परावर्तित होते आणि खडकावर मरते. काठापासून १० मीटरच्या आत राहा. केबल मात्र बारीक आरजी-५८ नको, ४० मीटर लांबीत जवळपास २ डेसिबल खाईल. जाड आरजी-२१३ ला साधारण निम्मं.

लगून पश्चिमेला, म्हणजे युरोपसाठी उत्तम. जपान ईशान्येला, त्यासाठी पूर्वेचा किनारा. बेट अरुंद आहे, काठी उचलून न्या.

एक टोचणी: तुमची तुलना दोन वेगळ्या दिवसांची आहे, आयनांबर (लहरी परतवणारा हवेचा वरचा थर) रोज तसं नसतं. डब्ल्यूएसपीआर (क्षीण संकेत कुठवर पोचला ते नोंदवणारी पद्धत) लावा आणि दोन अँटेना आळीपाळीने वापरा, तासाभरात कळेल.

थरथर सेटची नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा त्यासाठीच निवडलं होतं. सूर्यास्तानंतर त्या पट्ट्यात आयनांबराचा एफ थर वर उचलला जातो आणि विस्कटतो. अगत्ती तर त्याच्या आणखी जवळ. तेव्हा एफटी८ (संगणकावरून संदेश पाठवायची पद्धत) अडखळला तर मोर्सवर या.

धागाकर्ता:
मनापासून आभार! मी वायर कापायलाच निघालो होतो. आरजी-२१३ आजच मागवतो. फक्त एक राहिलं: भरतीला रेडियल पाण्यात बुडाले तर चालेल, की जमिनीपासून मीटरभर उचलून दोनच ठेवू?

प्रतिसाद:
उचलून दोन, समोरासमोर. लाटेबरोबर हलणारी वायर ट्यूनिंगही हलवते. जोड सेल्फ-फ्यूजिंग टेपने गुंडाळा, खारी हवा दोन दिवसांत तांबं हिरवं करते.