मदत हवी आहे: 'शहाणा' शब्दाचा आधीचा अर्थ कोणता?

समजूतदारपणाच्या शब्दांवर टिपण लिहितेय. 'विवेक' म्हणजे वि + विच्, वेगळं काढणं. 'तारतम्य' तर-तम या प्रत्ययांतून आलं, किती देखणी घडण! 'अक्कल' अरबी. अडलंय ते 'शहाणा'पाशी. 'वेडा की शहाणा?' असं विचारतो तेव्हा तो डोकं ठिकाणावर असलेला. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' यात मात्र पोच असलेला. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश चाळला, हिंदी 'सयाना' आणि संस्कृत 'सज्ञान' यांच्याशी ताडून पाहिलं; पण अर्थांचा क्रम त्यातून ठरत नाही. आजचा वापर नको, 'दीडशहाणा', 'अतिशहाणा'ही तूर्त बाजूला. जुन्या पोथ्यांत किंवा बखरींत या दोनपैकी आधी कोणता अर्थ आढळतो? मूळ ओळ देता येईल का कुणाला?