अमेरिकेची लोकसंख्या बदलली म्हणून तिथले जनमत बदलले का?

वेदवती यांचा प्रश्न

अमेरिकेतील जनमत पाहण्यांचे जुने आकडे आणि तिथल्या जनगणनेचे तक्ते मी सध्या शेजारी शेजारी ठेवून वाचत आहे आणि एका ठिकाणी अडले आहे. २०१० च्या जनगणनेत हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषिक देशांत मुळे असलेल्या) नसलेल्या श्वेतवर्णीयांचे प्रमाण ६३.७ टक्के होते, ते २०२० मध्ये ५७.८ टक्क्यांवर आले. २०४५ च्या सुमारास हा गट निम्म्याहून कमी होईल, असा अंदाज जनगणना ब्यूरोने २०१८ साली मांडला. गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या पाहण्यांनुसार चर्चचे किंवा तत्सम प्रार्थनास्थळाचे सदस्य असणाऱ्यांचे प्रमाण १९९९ मध्ये ७० टक्के होते, ते २०२० मध्ये ४७ टक्क्यांपर्यंत उतरले, आणि समलिंगी विवाहाला मान्यता देणारे १९९६ मध्ये २७ टक्के होते, ते २०१५ मध्ये ६० टक्के झाले.

या सगळ्यावरून सरळ तर्क असा निघतो की जुनी पिढी सरत जाईल, स्थलांतरितांची मुले मतदार होतील आणि देश हळूहळू डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकेल. विसाएक वर्षांपूर्वी अनेक अभ्यासकांनी हेच भाकीत केले होते. पण टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरील स्टार काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) पाहा. तिथे ९५ टक्क्यांहून अधिक लोक हिस्पॅनिक आहेत आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तिथे सुमारे ७९ टक्के मते मिळाली होती. तीच काउंटी २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जिंकली, आणि तिथे अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकण्याची शंभर वर्षांहून अधिक काळातील ती पहिलीच वेळ होती. तर मग तर्क नेमका कुठे चुकला?

सुहास यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे बदल एकत्र आले आहेत आणि माझ्या मते चूक तिथेच सुरू होते. समाजाचे मत दोन वाटांनी बदलते. एक मत असणारी माणसे वारतात आणि दुसरे मत असणारी वयात येतात, ही पहिली वाट. तीच माणसे आपले मत बदलतात, ही दुसरी. लोकसंख्येच्या तक्त्यांत फक्त पहिली वाट दिसते.

आंतरवंशीय विवाहाचे उदाहरण घ्या. गॅलपने १९५८ मध्ये विचारले तेव्हा अशा विवाहाला ४ टक्के लोकांची मान्यता होती. लव्हिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली अशा विवाहांवरील बंदी घटनाबाह्य ठरवली, तरीही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मान्यता निम्म्याच्या आतच राहिली. २०२१ मध्ये ती ९४ टक्के झाली. हा साठ वर्षांहून अधिक काळ चाललेला बदल आहे आणि त्यात पिढ्या सरण्याचा वाटा मोठा असणार, हे उघड आहे. समलिंगी विवाहाबाबत मात्र १९ वर्षांत २७ चे ६० टक्के झाले. इतक्या थोड्या काळात प्रौढ लोकसंख्येतील बहुसंख्य माणसे तीच राहतात, त्यामुळे केवळ मृत्यू आणि जन्म यांनी हे गणित सुटत नाही. वयस्कर अमेरिकनांनीही आपले मत बदलले, आणि आपल्याच घरातील, कचेरीतील माणूस समलिंगी आहे हे कळणे हे त्यामागचे मोठे कारण होते. मला हा या साऱ्या विषयातील सर्वांत आशादायक भाग वाटतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिले.

पण ज्या वाटेने मत पुढे जाते त्याच वाटेने ते मागेही येऊ शकते. रिपब्लिकनांमध्ये समलिंगी विवाहाची मान्यता २०२१ मध्ये ५५ टक्के होती, ती २०२५ मध्ये ४१ टक्क्यांवर आली. स्थलांतराबाबतचा चढउतार तर याहून वेगवान आहे. स्थलांतर कमी व्हावे असे म्हणणारे २०२४ मध्ये ५५ टक्के होते, तर एका वर्षानंतर, नव्या सरकारची कठोर कारवाई सुरू असताना, ते ३० टक्केच उरले. एका वर्षात देशाची लोकसंख्या बदलत नाही, तेव्हा हा बदल सर्वस्वी माणसांच्या मनातला आहे.

मीनाक्षी यांचे उत्तर

सुहास यांचे म्हणणे पटते, पण जनगणनेतील वंशाच्या ज्या रकान्यांच्या आधारे २०४५ चे भाकीत केले जाते ते रकाने तरी कुठे स्थिर आहेत? त्यांचा इतिहास आपल्या लोकांशी थेट जोडलेला आहे, म्हणून तो सविस्तर सांगते.

१९२०, १९३० आणि १९४० या तीन जनगणनांमध्ये अमेरिकेने ‘हिंदू’ हा चक्क एक वंश म्हणून नोंदवला होता, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय हे ‘श्वेत’ नव्हेत आणि म्हणून त्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही. हा मार्ग १९४६ च्या कायद्याने मोकळा झाला. पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना श्वेतवर्णीयांमध्ये झाली आणि १९८० मध्ये ते आशियाई गटात गेले. त्याच माणसांची गणना साठ वर्षांत तीन निरनिराळ्या प्रकारे झाली. मेक्सिकन लोकांचेही तसेच झाले. १९३० मध्ये ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश होता, मग त्याला विरोध झाला आणि १९४० मध्ये त्यांना पुन्हा श्वेत धरले गेले.

आजही हेच चालू आहे. दोन किंवा अधिक वंश नोंदवणारे २०१० मध्ये सुमारे ९० लाख होते आणि २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख झाले, पण प्रश्नांची मांडणी आणि उत्तरांचे वर्गीकरण सुधारल्याचा यात मोठा वाटा असल्याचे ब्यूरोनेच सांगितले आहे. २०४५ चे भाकीतही स्वतःला श्वेत म्हणवणाऱ्या हिस्पॅनिकांना बाहेर ठेवूनच खरे ठरते. त्यांना धरले तर २०६० मध्येही श्वेतवर्णीय दोन-तृतीयांशाच्या आसपास राहतील, असे त्याच अंदाजमालिकेत आहे. स्टार काउंटीतील ज्या कुटुंबाच्या कित्येक पिढ्या टेक्सासमध्येच गेल्या, त्याने काल सीमा ओलांडून आलेल्या माणसासारखाच विचार करावा, ही अपेक्षा ‘हिस्पॅनिक’ या रकान्याने निर्माण केली. त्या कुटुंबाने तसे कधीच म्हटले नव्हते.

श्रीधर यांचे उत्तर

पाहण्यांच्या आकड्यांवर फार भार टाकण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या दूरध्वनी पाहण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत होते, २०१८ मध्ये ते प्रमाण ६ टक्क्यांवर आले. उत्तर न देणारे ९४ टक्के लोक उत्तर देणाऱ्यांसारखेच असतील असे गृहीत धरता येत नाही, म्हणून आकड्यांना वय, शिक्षण, वंश यांनुसार भार द्यावा लागतो आणि मीनाक्षी यांनी सांगितलेले ते डळमळीत रकाने तिथेही येतात. शब्दयोजनेनेही उत्तर बदलते. ‘वेल्फेअर’वर (सरकारी कल्याण मदतीवर) सरकारचा खर्च कमी पडतो का, असे विचारले तर थोडेच लोक हो म्हणतात, पण ‘गरिबांना मदत’ असे शब्द वापरले की हो म्हणणारे कितीतरी वाढतात.

वेदवती

तिघांचेही आभार. एक शंका उरते. गर्भपाताच्या प्रश्नावर इतक्या वर्षांत मत फारसे हललेले दिसत नाही, आणि तरीही २०२२ नंतर निकाल अनपेक्षित लागले. ते कसे?

सुहास

होय, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही याच उदाहरणात अधिक स्पष्ट दिसते. गॅलप हा प्रश्न १९७५ पासून विचारत आहे आणि ‘काही परिस्थितींत कायदेशीर असावा’ म्हणणारे तेव्हापासून निम्म्याच्या आसपासच आहेत. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा १९७३ चा रो निकाल रद्द केल्यावर हे जुनेच मत थेट मतपत्रिकेवर आले. त्याच ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये गर्भपाताच्या हक्काचे घटनात्मक संरक्षण काढून घेणारी दुरुस्ती सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळली, आणि हे राज्य २०२० मध्ये ट्रम्प यांनी सुमारे ५६ टक्के मतांनी जिंकलेले होते. मिसुरीत तर नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच मतपत्रिकेवर गर्भपाताचा हक्क देणारी दुरुस्ती थोड्या फरकाने संमत झाली आणि ट्रम्प यांना ५८ टक्क्यांहून अधिक मते पडली. म्हणजे दोन्हीकडे शिक्का मारणारे लाखो मतदार तिथे होते. त्यांच्यापुढे महागाई, सीमा, उमेदवार असे बरेच काही होते, त्यातून त्यांनी पक्ष निवडला, आणि गर्भपाताबद्दल स्वतंत्रपणे विचारले तेव्हा त्याचे उत्तर स्वतंत्रपणे दिले. फ्लोरिडात त्याच दिवशी अशाच दुरुस्तीला सुमारे ५७ टक्के मते मिळूनही ती पडली, कारण तिथे ६० टक्के लागतात.