‘ग्रीन अनियन्स’ या गाण्याविना वाद्यधुनेला जॅममधली (आधी न ठरवता, सहज एकत्र वाजवताना झालेली) धून म्हणायचं का? टोपणनावांनी झालेली चर्चा:

पांढरी चार: १९६२, मेम्फिस, स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. गायक बिली ली रायलीच्या रेकॉर्डिंगसाठी आलेले चौघे वादक मोकळ्या वेळात संथ ब्लूज वाजवत बसले आणि स्टॅक्सच्या जिम स्टुअर्टने टेप चालू केली. ते झालं ‘बिहेव युअरसेल्फ’. मग रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून ‘ग्रीन अनियन्स’. थोडक्यात, जॅम आहे ती पहिल्या बाजूवर. मागच्या बाजूचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) १७ वर्षांच्या ऑर्गनवादक बुकर टी. जोन्सकडे आधीपासून होता, गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने फक्त आठवण करून दिली. तरी सगळे याच धुनेला जॅमची म्हणतात. चूक आहे.

ठेकेदार: रिफ म्हणजे धून नव्हे हो. एफ मायनर, ए फ्लॅट, बी फ्लॅट, एवढे तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तर आहेत. पुढचा ब्लूजचा १२ बारांचा (आवर्तनांचा) साचा (४ बार मूळ कॉर्ड, २ चौथी, २ मूळ, मग पाचवी, चौथी आणि २ मूळ) कुणाच्याच मालकीचा नाही. धून झाली ती ड्रमर अल जॅक्सनच्या शफलमुळे (झोकदार ठेक्यामुळे) आणि क्रॉपरच्या तुटक, टोचणाऱ्या गिटारमुळे. रचनाकार म्हणून चौघांची नावं आहेत ती उगीच नाहीत.

पांढरी चार: नावं चार म्हणजे श्रेयाची वाटणी चार. बंदिश कुणाची, याचं उत्तर त्यात मिळत नाही. गिटार काढून टाका, धून ओळखू येते. ऑर्गन काढून बघा.

ठेकेदार: ठेका सरळ करून बघा! अर्ध्या मात्रेच्या स्वरांच्या जोड्या समान वाजवल्या की तोच रिफ बँडवाल्यांच्या कवायतीसारखा वाटतो. शफलमध्ये पहिला स्वर लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. बहुतेक बँड इथेच घसरतात. शिवाय लय हळूहळू वाढवतात. मूळ लय मिनिटाला १४० ठोक्यांच्या जरा आत आहे.

खर्जातला: एक दुरुस्ती. बास गिटार डक डनची नाही, लुई स्टाइनबर्गची. डन या बँडमध्ये नंतर आला. ही चूक दर चर्चेत होते.

लाकडी पेटी: दुसरी दुरुस्ती. ऑर्गन हॅमंड कंपनीचा प्रसिद्ध बी-३ नव्हे, एम-३. ४४ पट्ट्यांचे दोन कीबोर्ड, स्पीकर आतच. लेस्लीचा फिरता स्पीकर लावून तो कोरडा, चावरा आवाज शोधू नका. आणि पेटीवाल्यांसाठी: पांढरी चार, काळी चार, काळी पाच. पहिला कॉर्ड मायनर, पुढचे दोन मेजर. काळी पाचवरही मायनर धरला की शुद्ध धैवत जाऊन कोमल येतो आणि सुरुवातीच्या चार बारांतली काफीची छटाच गेली. हॅमंडचं पर्कशन (स्वराच्या सुरुवातीला येणारा ठोका) लावत असाल तर प्रत्येक कॉर्डआधी सगळी बोटं उचला. एक पट्टी जरी दाबलेली राहिली तरी पुढचा ठोका वाजत नाही.

ठेकेदार: हे बोटं उचलणं कागदावर कुठे होतं? तेच म्हणतोय मी.

पांढरी चार: कागदावर नव्हतं, मान्य. बोटं बुकरचीच होती ना!