‘चालढकल करणे’ आणि ‘जिवावर येणे’

‘प्रोक्रॅस्टिनेशन’ला मराठी प्रतिशब्द विचारला की बहुतेक जण ‘चालढकल’ सांगतात आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच्या जागी ‘दिरंगाई’, ‘टाळाटाळ’ आणि ‘आळस’ हे शब्द सर्रास वापरले जातात, ते मला खटकते. ‘दिरंगाई’ ही फारसीतल्या ‘दिरंग’ म्हणजे उशीर या शब्दावरून आली असून तिच्यात झालेल्या उशिराचा हिशेब असतो, मनाचा नसतो. म्हणून ती कचेरीलाच शोभते. शासकीय बदल्या आणि कामातील विलंब यांविषयीच्या २००५ च्या राज्य अधिनियमाच्या नावात ‘विलंब’ हा शब्द आहे. बोलण्यात मात्र तो ‘दफ्तर दिरंगाई कायदा’च झाला. टाळाटाळ करणाऱ्याला काम करायचेच नसते. चालढकल करणाऱ्याला ते करायचे असते, फक्त आज नको असते.

आळसापासूनचा भेद तर फार जुना आहे. विदुरनीतीत उत्कर्ष इच्छिणाऱ्याने टाकावयाचे सहा दोष सांगताना निद्रा, तंद्रा, भय आणि क्रोध यांच्यानंतर आलस्य व दीर्घसूत्रता (म्हणजे काम लांबवत राहणे) हे दोन दोष वेगवेगळे मोजले आहेत, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याला ‘अलस’ म्हटल्यावरही ‘दीर्घसूत्री’ हे विशेषण स्वतंत्रपणे लावले आहे. आळशी माणूस लोळत पडतो. चालढकल करणारा मात्र एक अर्ज लिहायचा राहावा म्हणून अख्खे कपाट आवरतो. (त्या सहा दोषांत भयही आहे, हे मला विशेष सूचक वाटते.)

तरीही या सर्व शब्दांत बाहेरून ठेवलेला ठपकाच आहे. आतून काय होते ते सांगणारा मराठी प्रयोग ‘जिवावर येणे’ हा आहे. ‘मी चालढकल करतो’ यात कर्ता मी असतो; ‘मला ते जिवावर येते’ यात कर्तेपण कामाकडे जाते आणि मी नुसता सोसणारा उरतो. ‘जिवावर बेतणे’ याच्याशी त्याची गल्लत करू नये, कारण इथे प्राणाला धोका नसून केवळ मन मागे सरत असते. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार आपण रेंगाळलेल्या सार्वजनिक प्रश्नांसाठी राखून ठेवला आहे, पण पाणी पिऊन जड झालेली लोकर उचलायला जो जोर लागतो, तोच लांबवलेल्या कामालाही लागतो, म्हणून तो इथेही चपखल बसतो.

माझेच उदाहरण देतो. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या माझ्या बोटांना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटवण्याची सवय होती. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीत ती उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर येते. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी, एवढाच काय तो बदल, पण तो शिकणे मी तीन वर्षे पुढे ढकलले आणि विचारणाऱ्याला ‘बघू’ म्हणत राहिलो. (मराठीतला ‘बघू’ हा बहुतेक वेळा सभ्य नकार असतो, आणि तो आपण स्वतःलाही देतो.) ‘मनावर घे’ असे घरचे सांगत, पण घोंगडे जड झाले ते मनावरच, तिथे आणखी काय घेणार? उपयोगी पडला तो ‘हात लावणे’ हा साधा प्रयोग. पूर्ण पत्र नव्या मांडणीत लिहायचे नाही, रोज पाकिटावरचा पत्ता तेवढा लिहायचा, असे मी ठरवले. पहिल्या आठवड्यात ‘पिन’ या शब्दातली वेलांटी रोज प च्या आधीच पडत असे. महिन्याभराने हात बसला. ‘हात बसणे’ यात कर्ता हात आहे, मी नाही, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. परवा जुन्या यंत्रावर सहज ‘पिन’ लिहू गेलो, तर वेलांटी न च्या डोक्यावर जाऊन बसली.