चुकलेली ओळख कबूल करताना : सोलापूरच्या पक्षीनिरीक्षकांचे अनुभव

हिवाळी पाहुणे परतू लागले, की आपल्याकडे दुर्मीळ नोंदींच्या गोष्टी रंगतात. चुकलेल्या ओळखीविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून या वेळी तेवढेच लिहावे, अशी विनंती आहे : काय चुकले, केव्हा कळले आणि बरोबरच्यांना कसे सांगितले. सुरुवात मीच करतो.

जानेवारीतील एका संध्याकाळी आम्ही बाराजण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, रातथाऱ्यासाठी गवतात उतरणाऱ्या भोवत्यांची (हिवाळ्यात येणाऱ्या शिकारी पक्ष्यांची) वाट पाहत बसलो होतो. मावळतीच्या उजेडात एक राखाडी नर खालून तरंगत गेला आणि मी, दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच, ‘पांढुरका भोवत्या’ असे जाहीर केले. शेजारी बसलेला महाविद्यालयीन मुलगा हळूच म्हणाला, ‘काका, पंखावर काळी रेघ आहे ना?’ उजेड फसवतो, असे सांगून मी त्याला गप्प केले. रात्री छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा पंखाच्या वरच्या बाजूने आडवी गेलेली ती काळी पट्टी आणि पोटावरच्या तांबूस रेघा स्वच्छ दिसत होत्या. पक्षी माँटेग्यूचा भोवत्या होता, आणि माझ्या शब्दावर अकरा वह्यांत चुकीची नोंद गेली होती. सर्वांना त्याच रात्री कळवले. त्या मुलाला मात्र फोन करायला मला तीन दिवस लागले. चूक सांगणे सोपे होते, त्याचे बरोबर होते हे सांगणे जड गेले.

— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

माझी चूक घरच्या लिंबावरची आहे. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, म्हणून ज्याची चार छायाचित्रे मित्रांना पाठवली, तो दुसऱ्या दिवशी ‘पेर्ते व्हा’ ओरडू लागला. कोकिळेच्या कुळातला पावशाच होता. पिसारा शिकऱ्यासारखा असला, तरी चोच सरळ होती. तिच्याकडे मी पाहिलेच नव्हते.

— बँक कर्मचारी

नान्नजच्या अभयारण्यात प्रगणनेच्या वेळी मचाणावरून, बऱ्याच अंतरावर, ज्वारीच्या कडेला उभा असलेला उंच, तपकिरी पक्षी मला अतिशय दुर्मीळ झालेल्या माळढोकाची मादी वाटला. बरोबरच्या वनरक्षकाला दाखवण्याआधीच मी एका मित्राला संदेश पाठवला, ही खरी घोडचूक. पंधरा मिनिटांनी पक्षी उघड्यावर आला, मान वळवली आणि गळ्यावरची हिरवट चमक दिसली : लांडोर. खाली उतरेपर्यंत बातमी शहरात पोचली होती. माळढोक एका खेपेस बहुधा एकच अंडे घालतो. १९७९ साली ज्याच्यासाठी हे अभयारण्य झाले, त्याच्या एका पक्ष्याचीही नोंद आज किती जड असते, हे वेगळे सांगायला नको. मी संदेश नुसता पुसला नाही, ज्यांच्यापर्यंत तो गेला असेल त्या प्रत्येकाला ‘लांडोर होती’ असे लिहून कळवले. दोघांनी वर्षभर थट्टा केली, ती मी सोसली.

— शेतकरी, उत्तर सोलापूर तालुका

वर लिहिणाऱ्यांनी निदान त्या वेळी तरी सांगितले. मी तीन वर्षे गप्प होतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, झाडाच्या सावलीत मान आखडून बसलेला तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचा बगळा पाहून मी ‘तपस’ (बगळ्याच्या कुळातला, क्वचितच दिसणारा पक्षी) अशी नोंद केली होती आणि पुढे तिथे गेलेल्या दोघांनी तिच्या भरवशावर तपस शोधण्यात सकाळ घालवली. पुढच्या पावसाळ्यात तशाच पिल्लाला प्रौढ रातढोकरीच्या (रात्री वावरणाऱ्या बगळ्याच्या) शेजारी बसलेले पाहिले आणि उमजले, की माझा ‘तपस’ म्हणजे रातढोकरीचे पिल्लूच होते. तरीही नोंद तशीच ठेवली, कारण तोवर तिचे कौतुक झाले होते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या यादीतील ओळख बदलता येते, याला दोन मिनिटेही लागत नाहीत. आज सकाळी बदलली. त्या दोघांना संध्याकाळी भेटणार आहे.

— औषध दुकानदार