भरतीच्या वेळी फ्लेमिंगो जातात कुठे?
अभयारण्य झालं, रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, मग आता ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची काळजी कशाला, असं काही जण म्हणतात. २०१५ आणि २०२२ च्या त्या दोन्ही घोषणा मोलाच्याच, पण तेवढ्यानं भागत नाही. फ्लेमिंगो खाडीत चरतात ते ओहोटीला, चिखल उघडा पडला की. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत असतात, आसपास निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, सरपटत असतात. भरतीचं पाणी चढलं की पाय टेकायला जागा उरत नाही, मग थवेच्या थवे नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ तळ्यांवर येऊन विसावतात.

ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. खाडीचं पाणी आत आणणारी त्यांची तोंडं बुजवली, की तळं सुकतं नाहीतर शेवाळानं भरतं. म्हणून माझा आग्रह आहे, खाडीइतकीच ही तोंडंही मोकळी राहिली पाहिजेत.