एफटीआयआर (नमुना कोणता अवरक्त प्रकाश किती शोषतो ते मोजण्याचं तंत्र) : संपूर्ण जिवाणूपेशींचा वर्णपट पुन्हा तसाच का मिळत नाही?

अवरक्त : नाउमान, हेल्म आणि लाबिशिन्स्की यांनी १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की पेशी न फोडता, नुसत्या अवरक्त वर्णपटावरून जिवाणू ओळखता येतात. तरीही ‘आकडे पुन्हा तसेच येत नाहीत’ ही तक्रार संपत नाही. माझ्या मते दोष यंत्राचा नाही, जिवाणू वाढवायच्या प्लेटचा आहे. पेशींचा एकच वाळलेला थर दहा वेळा मोजा, रेषा एकमेकींवर बसतात. तोच स्ट्रेन (प्रजातीतला एक विशिष्ट वाण) पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढवा, की १२०० ते ९०० प्रति सेंटिमीटर (तरंगसंख्या) या पॉलिसॅकराइडांच्या, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्यांच्या, पट्ट्यात रेषा फाकू लागतात. माध्यम, तापमान, वाढीचे तास पक्के ठरवा, प्रश्न सुटतो.

प्लेटवाला : साफ अमान्य. ‘तेच माध्यम’ हे फक्त लेबलवर तेच असतं. पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट हे माध्यमातले पोषक पदार्थ नैसर्गिक कच्च्या मालातून बनतात, बॅच बदलली की घटक बदलतात. म्हणजे प्रयोगशाळा स्वतःशी जुळेल, पण दुसरीच्या वर्णपटांच्या डेटाबेसशी जुळेल याची खात्री काय? १६एस या, जिवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा क्रम वाचताना पेशी २४ तास वाढली की ३०, याने काहीच बिघडत नाही.

अवरक्त : पण एकाच प्रजातीतले दोन स्ट्रेन १६एसला बहुतेकदा सारखेच दिसतात, आणि आपल्याला नेमका तोच फरक हवा आहे. पेशीने पीएचबी (साठवणीचा एक पॉलिएस्टर) साठवलं तर १७४० च्या आसपास एस्टरचा उंचवटा येतो. ती चूक नाही हो, पेशीची खरी अवस्था आहे.

कोरडा थर : दोघेही वाळवण्याबद्दल बोलत नाही आहात. पाण्याचा पट्टा १६४० जवळ, प्रथिनांचा अमाइड-१ पट्टा साधारण १६५० ला. ओल राहिली की प्रथिनांचा भाग गढूळ. आमच्या नमुन्यांचे एकदा दोन स्वच्छ गट पडले, आम्ही हरखलो. नंतर नोंदवही पाहिली तर ते वाळवण्याचे दोन वेगळे दिवस होते! दुसरा डेरिव्हेटिव्ह आणि व्हेक्टर नॉर्मलायझेशन या गणिती दुरुस्त्या थराची जाडी, तिरकी बेसलाइन बरीच सावरतात. ओल आणि वाढीतला फरक त्यांना सावरता येत नाही.

प्लेटवाला : माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. एका प्लेटवरच्या पेशींचे तीन थेंब म्हणजे तीन नमुने नव्हेत. ते तीनदा मोजून ‘पुनरुत्पादकता उत्तम’ असं लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या पेशी हव्यात. आणि वर्गीकरणाची चाचणी घेताना एखादा पूर्ण दिवसच (त्या दिवशीचे सगळे नमुने) बाहेर ठेवा. त्यातून जे टिकेल तेच खरं.

अवरक्त : थेंबांचं म्हणणं मान्य, माझ्याही जुन्या आकड्यांना ते लागू होतं. ते दिवसवार वेगळे करून पुन्हा तपासतो. पण डेटाबेसबद्दल अजून पटलेलं नाही. प्रत्येक वेळी तोच संदर्भ स्ट्रेन सोबत वाढवला, तर बॅच बदलल्याचं त्याच दिवशी कळायला नको का?

प्लेटवाला : कळेल. दुरुस्त कसं कराल ते सांगा.